बेलीफ मामाला, साक्षीच्या तारखेआधी

मामा, तू गेल्याला आज अकरा दिवस झाले आणि मला एका जागी बसवत नाही. दिवसातून दहादा मी स्वयंपाकघरातून समोरच्या खोलीत येते आणि कशासाठी आले ते विसरते. शेजारच्या ताई म्हणतात, दुःख आहे, होतं असं. दुःख आहेच, ते मी नाकारत नाही. पण दुःखाच्या खाली राग आहे, आणि तो काढायचा कुणावर? भांडण तुझं नि माझं होतं. तू ते अर्ध्यावर टाकून उठून गेलास.

तीन दिवसांपूर्वी विहारात तुझं पुण्यानुमोदन झालं. वंदना झाली, मग चौघे जण तुझ्याबद्दल बोलले. शेवटचा बोलणारा तुझ्याच कोर्टातला निवृत्त कारकून होता. तो म्हणाला, बेलीफ मामांनी तीस वर्षं कोर्टाचे कागद लोकांच्या दारात नेले, एकही दार चुकवलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मामीने पदर डोळ्यांना लावला. मी सतरंजीकडे बघत बसले, कारण एक दार तू चुकवलं होतंस आणि ते तू फक्त मला सांगितलं होतंस.

कोणत्या तालुक्याच्या कोर्टात तू बेलीफ होतास ते इथे लिहीत नाही. प्रकरण अजून चालू आहे. तुझं काम मात्र मला लहानपणापासून पाठ होतं. बाबा गेले तेव्हा मी सातवीत होते, आई मला घेऊन तुझ्याकडे राहायला आली, आणि रोज संध्याकाळी पायावर गरम पाणी ओतत तू दिवसभरातली दारं सांगायचास. समन्स माणसाच्या हातात द्यायचं, सही घ्यायची. नाही घेतलं तर दोन पंच बोलवायचे, प्रत दारावर डकवायची, आणि तसा अहवाल लिहून कोर्टात द्यायचा. मी तुला 'अरे मामा' म्हणायची आणि मामी दर वेळी टोकायची की मामाले तुमी म्हणत जा, लोकं काय म्हणतीन. तू म्हणायचास, म्हणू दे, दिवसभर लोकं मले सायेब म्हणते, घरी तरी कोणी अरे म्हणाले पायजे.

निवृत्तीनंतर तू अकोल्याला घर बांधलंस आणि रविवारी सकाळी ओट्यावर लोक जमायला लागले. बार्शीटाकळीकडून, मूर्तिजापूरकडून, कधी थेट दर्यापूरहून. वकिलाची भीती वाटणारी माणसं तुझ्याकडे यायची. खरं तर तुझीच वाटायला हवी होती, कारण प्रश्न पूर्ण व्हायच्या आत तू विचारणाऱ्याला झापायचास. आधी कागद दाखव, म्हणायचास. शिक्का कोणत्या कोर्टाचा, दिवाणी का फौजदारी, तारीख कोणती, हे बघितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

एकाने विचारलं होतं, समन्स घेतलंच नाही तर केस बंद पडते ना? तू म्हणालास, तुयी बाजू बंद पडते, केस चालूच राह्यते. घर कुणाचं हे फौजदारी कोर्ट ठरवून देईल का, असं विचारणारे दर आठवड्याला दोन तरी असायचे. लोकअदालतीत तडजोड करून आलेला एक जण अपील कुठे करायचं विचारत होता, त्याला तू चहा पाजलास आणि सांगितलंस की मन बदलायचं असते सही करायच्या आधी. आणि एक म्हातारे बाबा आठवतात. पोराने खावटी द्यावी असा हुकूम त्यांना मिळाला होता, पोरगा ती पाठवतही होता. त्यांना विचारायचं होतं की पोराने महिन्यातून एकदा घरी येऊन जेवावं असा हुकूम कोर्टाला काढता येतो का. तू चष्मा काढून ठेवलास. मग म्हणालास, "बाबा, कोर्टाले लय पावर हाय, पण येवढी नाही." त्या दिवशी त्यांना तूच जेवायला ठेवून घेतलंस.

कायद्याचं कॉलेज मी अमरावतीत केलं, पण कोर्टाचा हात कुठे पोचतो आणि कुठे पोचत नाही, हे मला तुझ्या ओट्यावर कळलं. तुझे हे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. आता दाखवते आहे, तर त्याच हाताने तक्रारही लिहिते आहे. माझा स्वभावच असा आहे, आणि तो कुणावर गेला हे मामीला विचार.

गेल्या वर्षीच्या त्या रविवारी मीही ओट्यावर होते. पन्नाशीची एक बाई आली. इथे मी तिला कमलाबाई म्हणते, खरं नाव कोर्टाच्या कागदात आहे. नवरा जाऊन चार वर्षं झालेली. दोन खोल्यांचं घर, आणि त्यावर दिराने दावा लावलेला. आदल्या आठवड्यात कोर्टाचा माणूस कब्जा घ्यायचं वॉरंट घेऊन तिच्या दारात आला, तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं की आपल्यावर केस होती, ती चालली, आणि आपण हरलोसुद्धा. तिने हात जोडून तुला विचारलं, "सायेब, कोर्टानं एकदा देल्ला निकाल कोर्टाले वापस घेता येते का?"

तू नेहमीसारखं म्हणालास, कागद दाखव. तिने पिशवीतून नकला काढून दिल्या. तू चष्मा लावलास, पान उलटलंस, दुसरं उलटलंस आणि तिथेच थांबलास. मला वाटलं अक्षर लागत नसेल, म्हणून मी वाकून बघितलं. बेलीफाचा अहवाल होता. प्रतिवादी घरी हजर, समन्स घेण्यास नकार, दोन पंचांसमक्ष प्रत दारावर डकवली. खाली तुझी सही.

मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. तुला कागद परत करता आला असता. उशीर झाला, आता काही होत नाही, असंही सांगता आलं असतं, आणि तिने ते मानलं असतं, कारण तुझं सांगणं कुणी खोडत नव्हतं. तू तिला विचारलंस, त्या दिवशी तू कुठं होती? ती म्हणाली, अकोल्यालाच होतो लेकीच्या घरी, बाळंतपणाले, अडीच महिने. तू कागद घडी करून तिच्या हातात दिलास आणि म्हणालास, "वापस घेता येते. समन्स लागलंच नसन तर ज्या दिवशी समजलं तिथून तीस दिवसांत अर्ज कराचा. हे माही भाची, वकील हाय. हेच चालवन तुयी केस."

ती गेल्यावर मामीने दोनदा जेवायला हाक मारली. तू उठला नाहीस. चष्मा हातात धरून म्हणालास, "म्या त्या दारापर्यंत गेलोच नव्हतो."

मग सगळं सांगितलंस. निवृत्तीला चार महिने राहिले होते. त्या दिवशी पिशवीत सोळा कागद होते आणि उजवा गुडघा सुजलेला. गाव फाट्यापासून आत दोन कोस. घर दाखवायला पक्षकाराचा माणूस येतो, तसा दीर फाट्यावर आला होता. तो म्हणाला, मी आत्ताच पाहून येऊन राहिलो, वहिनी घरीच हाय, कागद घेत नाही म्हणते, तुमी या पायानं कुठं चालता, आमी डकवतो. पंच म्हणून त्याने दोघांना बरोबरच आणलं होतं. समोर दुसऱ्या गावाची एसटी उभी होती, ती सुटली तर पुढची तीन तासांनी. तू कॅन्टीनच्या बाकावर अहवाल लिहिलास, पंचांच्या सह्या घेतल्यास, प्रत दिराच्या हातात दिलीस आणि एसटीत चढलास. ती प्रत दारावर कधी लागलीच नाही. तू कुणाचा चहासुद्धा घेतला नव्हतास, हे दोनदा सांगितलंस. माझा विश्वास आहे. पण चहा न घेतल्याने दोन कोसांचा रस्ता चालून होत नाही, मामा.

तेव्हाच मी केस नको म्हणायला हवं होतं. ज्याच्या अहवालावर सगळं उभं आहे तो माझा सख्खा मामा, आणि त्याने मला स्वतःच्या तोंडाने कबुली दिलेली. मी घेतली, कारण ती तू माझ्या हातात ठेवली होतीस, आणि मला वाटलं की आज ना उद्या तू स्वतः येऊन सांगशील. तीस दिवसांच्या आत अर्ज गेला. कब्जाला तात्पुरती स्थगिती मिळाली. पण स्थगिती म्हणजे निकाल नव्हे, आणि अर्ज फेटाळला गेला तर कमलाबाईला सामान काढावं लागणार होतं.

आपलं भांडण सुरू झालं ते तिथून. मी म्हणाले, शपथपत्र दे. तू म्हणालास, तिच्याजवळ दवाखान्याचे कागद हायत ना. मी म्हटलं, ते लेकीच्या नावाचे आहेत. आई उशाशी बसली होती हे दवाखाना कोणत्या कागदावर लिहितो? तू म्हणालास, मंग पंचांले उलटतपासात पकड. पंचांपैकी एक वारला होता आणि दुसरा दिराच्याच वावरात राबतो. कोर्टासमोर एका बाजूला सरकारी बेलीफाचा अहवाल आणि दुसऱ्या बाजूला 'मी नव्हते हो' म्हणणारी एक विधवा. कोर्ट कुणाचं ऐकतं हे मला शिकवलंस तूच. बेलीफाच्या अहवालावर कोर्टाचा भरवसा असतो, कारण न्यायाधीश काही स्वतः दारोदार जाऊ शकत नाही. हे तू किती अभिमानाने सांगायचास.

मी दर आठवड्याला एसटीने अकोल्याला यायची आणि आपण तेच ते बोलायचो. एकदा तू म्हणालास, "तीस वर्सं हजारो दारं चाललो. त्याचं काही नाही? एका दारासाठी तू माह्या नावावर काट मारून राहिली." मी फार वाईट बोलले. म्हणाले, तिचं तर घर जातंय, तुझं नुसतं नाव जाईल. मामी आतून बाहेर आली आणि माझ्याकडे बघून परत आत गेली. तुझं नुसतं नाव नव्हतं. खोटा अहवाल दिल्याची चौकशी लागली असती, निवृत्त माणसाच्याही मागे लागते, हे मला माहीत होतं आणि तरी मी 'नुसतं' म्हणाले. तो शब्द परत घ्यायचा राहिला. आज घेते.

शेवटी मी म्हटलं, मग मी तुला साक्षीदार म्हणून समन्स काढीन. तू हसलास. म्हणालास, काढ, कोर्टाले तेवढी पावर हाय. मी काढलं.

ते घेऊन आला तो बेलीफ तुझ्याच हाताखाली तयार झालेला. पुढचं मला मामीने सांगितलं. तो ओशाळून दारातच उभा राहिला आणि म्हणाला, मामा, तुमचं मन नसन तर 'घरी मिळून आले नाही' असं लिहून देतो. मामी म्हणते, तुला इतकं चिडलेलं तिने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. "दारात आला ना तू? मंग दारात आलो असं लिव्ह. मी समोर उभा हाय असं लिव्ह." त्याच्या खिशातला पेन तूच ओढून घेतलास आणि सही केलीस.

त्या सहीनंतर तू माझ्याशी बोलेनासा झालास. फोन मामी उचलायची, झोपले आहेत म्हणायची. एकदाच तू उचललास. मी गोळ्या घेतोस का विचारलं, तर तू तारीख किती हाय, विचारलंस. मी सांगितली. तू म्हणालास, ठीक हाय. आणि फोन ठेवलास. तारखेला पाच दिवस उरले असताना, सकाळी दाढीला बसलास आणि आरशासमोरच कोसळलास.

त्या 'ठीक हाय'चं मी काय करू? येतो, सांगतो, असं ठीक? का येतो आणि माझ्या अहवालावर ठाम राहतो, असं? मामी म्हणते, तू पांढरा शर्ट इस्त्रीला दिला होतास. पांढरा शर्ट घालून माणूस दोन्ही बोलू शकतो. मी तो शर्ट हातात घेऊन बसले होते, मामा, आणि त्यातून काहीही निघालं नाही.

तारखेला मी गेले. तू जाऊन पाच दिवस झाले होते. शिपायाने दारात उभं राहून तुझ्या नावाचा पुकारा केला. साक्षीदार मयत आहे, हे मी पहिल्याच हाकेला उठून सांगायला हवं होतं. मला उठवलं नाही. त्याला तीनदा हाक मारू दिली. तीस वर्षं त्याच दारातून आत-बाहेर केलेल्या माणसाचं नाव व्हरांड्यात तीनदा गेलं, आणि मग मी उभी राहून सांगितलं. साहेबांनी क्षणभर पेन खाली ठेवला आणि पुढची तारीख दिली. पुढचा सोमवार.

पुण्यानुमोदनाला कमलाबाई आली होती. बायकांमध्ये बसून ती रडत होती. जेवणं झाल्यावर पाण्याच्या टाकीपाशी मला गाठून म्हणाली, लय भला माणूस होता, त्याच्यामुळं तर मले समजलं का अर्ज करता येते म्हणून. अहवालाखालच्या सहीचा माणूस आणि ओट्यावरचा माणूस एकच, हे तिला माहीत नव्हतं. तिला वाचता येत नाही, आणि मी, तिची वकील, वर्षभर तिच्याशी गप्प राहिले होते. साक्षीदार बेलीफ आहे एवढंच तिला सांगितलं होतं. मला वाटलं होतं तू कोर्टात बोललास की ते आपोआप उघडं होईल. त्या टाकीपाशी उभी राहून मी तिला सगळं सांगितलं. फाटा, गुडघा, एसटी, आणि ती सही कुणाची ते.

ती शिव्या देईल असं मला वाटलं. निदान हात तरी झटकेल. तिने पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "मंग त्यानं मले अर्ज कर असं काहून सांगितलं? गप बसला असता तर मले काय समजणार होतं?"

वर्षभर मी तुझ्याशी भांडत होते की तू खरं का सांगत नाहीस. आणि ज्या बाईचं घर जातंय तिला पहिल्या अर्ध्या तासात दिसलं की तू सांगायला सुरुवात केली होतीस. पुढचा रस्ता तुला चालवला नाही. मला तुझा अभिमानही वाटला आणि रागही आला, दोन्ही एकदमच, आणि मी तिच्यासमोर रडले. तिनेच मला पाणी दिलं.

मग तिने आणखी एक विचारलं. तू असतास तर चष्मा लावून सरसावून बसला असतास. मेलेल्या मानसाचं बोलणं कोर्ट ऐकते का? मी तुझ्यासारखंच आधी म्हणाले, ते पाहावं लागतं. आणि मग माझ्या लक्षात आलं की पाहायची गरज नाही. माणूस जिवंतपणी स्वतःला गोत्यात आणणारं काही बोलून गेला असेल, तर ते कोर्टाला ऐकता येतं. मात्र ज्याने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं, त्याने येऊन शपथेवर सांगायला हवं. ती म्हणाली, कोणापाशी बोलला होता? मी म्हटलं, माझ्यापाशी. दुसरं कोणी नव्हतं.

साक्षीदार झाले तर मला वकील राहता येत नाही. काल मी वकीलपत्र सोडलं. अंजनगावची माझी एक मैत्रीण पुढे चालवणार आहे. माझं शपथपत्र तिने टाइप केलं, मी वाचलं, दोनदा सही चुकली. मामीला मी आधीच फोन करून सांगितलं होतं, कारण तिला ते बाहेरून कळलेलं मला चाललं नसतं. तिने आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, सांग बापा काय सांगाचं ते, पण मी तिथं येणार नाही. मी म्हटलं, येऊ नको. आणि रविवारी जेवाले ये, असं म्हणून तिने फोन ठेवला. मामा, ती मला जेवायला बोलावते आहे, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

तर सोमवारी मी पिंजऱ्यात उभी राहणार आहे. दिराचा वकील जुना आहे, तुला ओळखायचा. तो आधी विचारेल, मयत तुमचे कोण? मग विचारेल, त्यांनी तुम्हाला वाढवलं, शिकवलं, हे खरं आहे का? मी हो म्हणेन. मग तो आवाज चढवेल आणि विचारेल, म्हणजे ज्या माणसाने तुम्हाला वाढवलं, तो खोटा अहवाल लिहिणारा माणूस होता, असं तुमचं म्हणणं आहे का? उलटतपासात लांबण लावता येत नाही. सोळा कागद, सुजलेला गुडघा, हजारो खरी दारं, पेन ओढून घेऊन केलेली सही, यातलं काहीही तिथे लिहून घेतलं जाणार नाही. ते सगळं मी इथे लिहिलं. तिथे मी हो म्हणणार आहे.